पालकांच्या भिशीचे पैसे अभ्यासिकेने घ्यावेत का?

सायंवर्ग

नमस्कार. सोलापुरात विडी घरकुलाच्या परिसरात आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून संध्याकाळची एक अभ्यासिका चालवतो. आठवी ते दहावीची मुले-मुली येतात. बहुतेकांच्या आया विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर किंवा गवंड्याच्या हाताखाली कामाला असतात. आमच्यापैकी कोणी मानधन घेत नाही, आणि पालकांकडून रोख, वस्तू किंवा जेवण यांपैकी काहीही घ्यायचे नाही, असा नियम आम्ही सुरुवातीपासून पाळत आलो आहोत. ज्या घरांत या आठवड्याच्या पगारावर पुढच्या आठवड्याचा बाजार ठरतो, त्या घरांवर आपला भार पडू नये, आणि ज्याने काही दिले त्याच्याच मुलाकडे अधिक लक्ष दिले जाते अशी शंका कोणाच्या मनात येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळची वीज वरचेवर जाऊ लागली आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत मुले मोबाईलच्या उजेडात गणिते सोडवू लागली. इन्व्हर्टरसाठी आम्ही ओळखीच्या चार जणांकडे शब्द टाकला होता. तो शब्द फळाला येण्याआधीच काही आया एकत्र आल्या आणि टेबलावर एक पाकीट ठेवून गेल्या. त्यांची आपापसांत भिशी आहे. या महिन्याची चिठ्ठी न काढता सगळी रक्कम अभ्यासिकेला द्यायची, असे त्यांनी ठरवले होते. मी नियम सांगितला, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, पोरं आमची हायत की, मग लाईट तुमची का?" यावर मला तेव्हा उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही.

पाकीट कपाटात तसेच आहे. आमच्या गटातील काहींचे म्हणणे असे की, नियम एकदा मोडला की तो मोडलाच, आणि हे पैसे सन्मानाने परत करावेत. उरलेल्यांना परत करणे हाच अपमान वाटतो. मी स्वतः त्या दिवशी घरी गेल्यावर बराच वेळ काही बोलू शकलो नाही, हे खरे आहे. पण त्या भावनेवर निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही. सेवाकार्यात असे अनुभव आलेल्यांनी, विशेषतः ज्यांचे आईवडील स्वतः पाकीट देणाऱ्यांच्या बाजूला होते त्यांनी, आपले मत सांगावे.

बाळीवेसकर

घ्या, पावती द्या, विषय संपला. (विषय संपणार नाही हे मला ठाऊक आहे. येथे भाकरी कडक असावी की मऊ यावरही दोनशे प्रतिसाद येतात.)

धोटा

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विडी कामगार आईचा मुलगा आहे, म्हणून लिहितो.

पैसे घ्यावेत की नाहीत हे ठरवण्यापूर्वी त्या बायकांनी काय दिले ते पाहू. हजार विड्या वळायला हात बसलेल्या बाईचाही अख्खा दिवस जातो. कारखान्यातून पान आणि तंबाखू तोलून मिळतो. पान फाटके निघाले आणि संख्या भरली नाही, तर कमी पडलेले पान बाईने पदरच्या पैशाने विकत आणायचे असते. मग माल द्यायला गेल्यावर तपासणारा छाट काढतो, म्हणजे काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही आणि त्या विड्याही परत मिळत नाहीत. एवढ्यातून पार पडून जे हातात येते त्यावर किराणा, गॅस आणि दवाखाना चालतो, आणि त्यातूनही जे नवऱ्याच्या आणि दुकानदाराच्या नजरेआड ठेवता येते ते भिशीत जाते. आमच्या आईला भिशी लागली की त्या पैशांवर आधीच चार कामे नाव लिहून बसलेली असत. तुमच्या पाकिटात कोणाचे तरी कानातले आहे, कोणाचा तरी गळका पत्रा आहे आणि तेलंगणातल्या कोणत्या तरी लग्नाचा आहेर आहे.

तरीही परत करा असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण सांगतो. मी सातवीत असताना आमचे एक सर शाळेनंतर आम्हा काही मुलांना फुकट शिकवत असत. आईने संक्रांतीला सकिनालू केले आणि माझ्या हाती सरांसाठी डबा भरून पाठवला. तांदूळ भिजवून, वाटून, हाताने वेटोळी घालून तळायचा तो प्रकार आहे. विड्यांचे एका दिवसाचे काम बुडवल्याशिवाय तो होत नाही. सरांनी डबा उघडलाही नाही. फार प्रेमाने समजावले की, बाळ, हे तुमच्या घरीच लागेल, आईला सांग मी मनाने खाल्ले. सर देवमाणूस होते आणि त्यांचा हेतू तुमच्यासारखाच होता. पण भरलेला डबा परत आला त्यानंतर आई शाळेत कधी आली नाही. पालकसभेला नाही आणि निकालाच्या दिवशीही नाही. शेजारच्या काकूंना पाठवायची. फुकट घेणाऱ्याने तोंड वर करून काय विचारायचे, असे तिचे म्हणणे असे.

स्वाती_माढा

'धोटा' यांचा प्रतिसाद वाचून थांबले होते, पण एक वेगळ्या जातीचा अनुभव आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा आम्ही काही जण नदीकाठच्या गावांत शालेय साहित्य घेऊन गेलो होतो. एका घरात तीन मुले होती म्हणून आम्ही तीन दप्तरे काढली. घरात गाळ साचलेला होता, सोयाबीन पाण्याखाली जाऊन कुजले होते आणि भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. मुलांचे वडील म्हणाले, "थोरल्याचं दप्तर माळ्यावर हुतं, त्ये भिजलं न्हाई. दोनच द्या. तिसरं फुडच्या वस्तीवर न्या, तिथं समदंच गेलंय." आमच्यातल्या एकीने आग्रह केला की यादीत तीन लिहिली आहेत, घ्या. त्यावर त्यांनी आम्हालाच शांतपणे सांगितले की, मोजून आणलेल्या मालातले एक इथे जास्त गेले, तर शेवटच्या घरात एक कमी पडते. आमच्या टेम्पोत किती दप्तरे आहेत हे त्यांना माहीत नव्हते. आमच्याकडे तक्ते होते, याद्या होत्या, समन्वयक होते. तो हिशेब मात्र गाळात उभ्या असलेल्या त्या माणसाने केला.

येथे त्यांनी आम्हाला काही दिले असे म्हणता येणार नाही, कारण त्यांनी फक्त घेतले नाही. पण ते दप्तर त्यांच्याकडून गेले असेच मी मानते. नंतर आम्ही वाटप करताना 'किती मुले?' असे विचारण्याऐवजी 'काय वाचले आहे आणि काय गेले आहे?' असे विचारू लागलो, आणि बहुतेक घरांनी खरे सांगितले.

खडूस_आजोबा

मी या धाग्यावर रंगाचा बेरंग करणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

गरीब आईबापांचे मन किती मोठे, हे ऐकून डोळे पुसण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि त्या डोळे पुसण्याने गरिबाच्या घरात काही पडत नाही. मला तीन शंका आहेत. पहिली, भिशीतल्या सगळ्या बायकांची खरोखर संमती होती का? भिशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल की, चार बोलक्या बायकांनी ठरवले की बाकीच्या मान डोलावतात, कारण नाही म्हणणे म्हणजे 'हिला पोरांच्या शिक्षणाची पडली नाही' असे नाव घेणे. पाकीट आणणाऱ्या दिसतात, मागे गप्प बसलेली दिसत नाही. दुसरी, ज्यांची मुले अभ्यासिकेत येतच नाहीत अशा बायका त्या भिशीत आहेत का? असतील, तर त्यांनी कोणासाठी दिले?

तिसरी शंका आपल्या सगळ्यांसाठी आहे. १९७६ साली विडी कामगारांच्या कल्याणासाठी कायदे झाले आणि विड्यांवर उपकर बसवून एक निधी उभा केला गेला. त्यातून दवाखाने चालत, घरांना मदत होई आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. म्हणजे जो पैसा विडीच्या धंद्यातून या मुलांच्या शिक्षणासाठी येत असे त्याचा हक्काचा झरा आटला, आणि आता त्याच आया आपली भिशी मोडून मुलांना उजेड देत आहेत. हे ऐकून नम्र होण्यापेक्षा मला संताप येतो, आणि तो त्या बायकांवर नाही.

सायंवर्ग

आजोबा, पहिल्या दोन शंकांचे उत्तर आत्ता माझ्याजवळ नाही. पाकीट देणाऱ्यांशीच आमचे बोलणे झाले. भिशीत एकूण कोण कोण आहे हे मी विचारले नव्हते. विचारतो. तिसरी शंका मान्य आहे, पण संताप व्यक्त करूनही उद्या संध्याकाळी वीज जाणारच आहे.

दख्खनी

सोलापुरातल्या 'नई जिंदगी' वस्तीच्या बाजूला आम्ही शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करत होतो तेव्हाचा किस्सा सांगतो, म्हणजे वातावरण थोडे हलके होईल.

प्रत्येक घरात चहा. नको म्हटले की चेहरा पडतो, घेतला की पुढच्या घरात पुन्हा कप पुढे. दुपारपर्यंत आमच्या गटातल्या एका सडपातळ मुलाचे हात थरथरू लागले. शेवटी आम्ही नियम केला की, एका गल्लीत एकाच घरी चहा घ्यायचा. तो नियम गल्लीत पसरायला आमच्या पायांपेक्षा कमी वेळ लागला. दुसऱ्या दिवशी गेलो तर बायकांचे आपापसांत आधीच ठरलेले होते की आज चहा कोणाकडे, आणि जिच्याकडे चहा होता तिने बाकीच्या घरांतल्या मुलांनाही आमच्यासमोर आणून बसवले होते. एरवी दार लावून 'घर में कोई नहीं' सांगणारी दोन घरे त्या चहाच्या ओट्यावर बोलती झाली. आमच्या प्रशिक्षणात सर्वेक्षणाच्या ज्या पद्धती शिकवल्या होत्या, त्यांत ही नव्हती.

आणि तो चहा साधा नव्हता. ज्या घरात एरवी काळा चहा होत असे तिथे आमच्यासाठी दुधाची पिशवी आणली जाई, हे एका लहान मुलीने आमच्यासमोरच जाहीर केले आणि तिच्या अम्मीने तिला डोळ्यांनी दाबले.

अनघा_हिशेबनीस

मी पुण्यात काही संस्थांचे हिशेब पाहते. भावनेची बाजू बाजूला ठेवून सांगते.

आपल्या नियमात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. शिकवणाऱ्या व्यक्तीने पालकाकडून स्वतःसाठी काही घेणे ही एक गोष्ट, आणि अभ्यासिकेने सर्वांच्या वापराच्या वस्तूसाठी वर्गणी घेणे ही दुसरी. पहिल्यावर बंदी असावीच, सकिनालूच्या डब्यापुरता अपवाद करून. दुसरीवर बंदी असण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र तिला शिस्त हवी. तुमची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर संस्थेच्या नावाने क्रमांकित पावती द्या आणि रक्कम बँकेत भरून मगच खर्च करा. नोंदणी नसेल आणि तुम्ही नुसताच मित्रमंडळींचा गट असाल, तर पैसे तुमच्या हातात घेऊच नका. त्या बायकांनीच इन्व्हर्टर विकत घ्यावा, बिल त्यांच्यापैकी एकीच्या नावावर असावे, आणि अभ्यासिका उद्या बंद पडली तर ती वस्तू कोणाची, हे साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.

ज्यांनी दिले त्यांची नावे भिंतीवर लावू नका. त्याने न देणाऱ्यांची नावेही आपोआप लागतात.

निवृत्त_मास्तर

अनघाताईंशी सहमत. फक्त एवढे सांगावेसे वाटते की, गरीब आईबापांनी शिक्षणाला हातभार लावणे हे आपल्या मुलखाला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले हे आपण सगळे शिकलो. पण खेड्यापाड्यांतल्या घराघरांतून मूठमूठ धान्य काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची जी रीत होती, तिचा उल्लेख त्यामानाने कमी होतो. मूठ कोणाचीही असो, ती जात्यावर बसण्यापूर्वी बाजूला काढली जाई, आणि ती काढणारी त्या घरातली बाई असे. विडी घरकुलाचेच उदाहरण घ्या. कुंभारीजवळची ती दहा हजार घरे २००६ साली कामगारांच्या ताब्यात आली, तेव्हा केंद्र आणि राज्य यांच्या पैशांबरोबर कामगार स्त्रियांचा स्वतःचाही हिस्सा त्यांत होता. ज्या बायकांनी आपले घर वाटा घालून उभे केले त्यांच्या मुलींनी आणि सुनांनी अभ्यासिकेत वाटा घालायचा म्हटले, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

आता माझा स्वतःचा एक अनुभव. आमच्या भागात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या तळावर मजुरांच्या कोप्यांच्या (झोपड्यांच्या) मधोमध त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा भरत असे आणि मी तेथे काही हंगाम शिकवायला जात असे. नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फिटत राहते, त्यामुळे रोजच्या मजुरीचा रोख पैसा हाती क्वचितच पडतो. बाईच्या हाती रोख येतो तो वाढ्यांचा. उसाचे शेंडे तोडून, त्यांच्या मोळ्या बांधून, गुरांच्या चाऱ्यासाठी त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून विकतात. मीठ, तेल आणि मुलांचे बिस्कीट त्यातून येते. एकदा हंगामाच्या मध्यावर नवीन टोळी आली आणि तिच्यातली एक मुलगी काहीच न घेता वर्गात येऊन बसली. मी आमच्या साहित्याची वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, दुसऱ्याच टोळीतल्या एका बाईने त्या मुलीला वही आणि पेन्सिल आणून दिली. तिचा स्वतःचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याला विचारले तेव्हा कळले की, ते आदल्या दिवशीच्या वाढ्याचे पैसे होते. मी त्या बाईंना म्हणालो की, शाळेकडून वह्या येणारच आहेत. त्या म्हणाल्या, "येतील तवा येतील. पोरगी आज बसलीय नव्हं."

खडूस_आजोबा

मास्तर, वाढ्याची गोष्ट फार चांगली आहे आणि ती मी माझ्या नातवाला सांगणार आहे. तरीही तिचा दुसरा अर्धा भाग मला हवा आहे: शाळेच्या वह्या हंगामाच्या मध्यापर्यंत का आल्या नव्हत्या, आणि त्या आणण्यासाठी कोणी कोणाला पत्र लिहिले? 'पोरगी आज बसलीय' हे त्या बाईला कळले, मग ते ज्यांचे काम होते त्यांना का कळू नये?

निवृत्त_मास्तर

पत्र मीच लिहिले होते, आजोबा, आणि त्याचे स्मरणपत्रही मीच लिहिले. वह्या टोळ्या परतण्याच्या बेताला आल्या.

वॉर्डातली_ताई

मी दर आठवड्याला एका रुग्णालयाच्या बालविभागात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी डबे पोहोचवते. जिल्ह्याबाहेरून, धाराशिव, लातूर आणि कर्नाटकातूनही लोक येतात आणि मुलाच्या खाटेखाली चटई टाकून राहतात. डबे मोजके असतात. एका आईचे मूल बरेच दिवस दाखल होते आणि तिचा नवरा कामावर परत गेला होता. मी डबा पुढे केला की ती आधी विचारी, "त्या कोपऱ्यातल्या बाईला दिला का? ती कालच आलीया, तिला अजून मागायला येत न्हाई." ज्यांना मागता येते त्यांच्यापर्यंतच मी पोहोचत होते, हे मला तिच्या त्या प्रश्नाने दाखवले. पुढे ती मला वॉर्डात शिरल्याबरोबर हाताने खुणावून दाखवू लागली की आज कोण नवीन आहे. तिचे मूल बरे होऊन घरी गेले. ती गेल्यापासून मी वॉर्डातल्या सर्वांत जुन्या आईलाच आधी भेटते.

धोटा

आजोबांच्या पहिल्या शंकेबद्दल मी काल आईला विचारले. तिने विड्या सोडून काही वर्षे झाली, पण भिशी सोडलेली नाही. तिचे म्हणणे असे की, आजोबा अर्धे बरोबर आहेत. अशा वेळी बोलक्या बायका ठरवतात हे खरे; पण जिला जमत नाही ती सर्वांसमोर नाही म्हणत नसली, तरी संध्याकाळी पाण्याला किंवा दुकानात भिशी चालवणारीला एकटी गाठून सांगते, आणि तिची तेवढी रक्कम मुकाट्याने पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. भिशी चालवणारीने हे पोटात ठेवायचे असते, नाहीतर तिच्याकडे पुढच्या वर्षी कोणी पैसे देत नाही. म्हणून तुम्ही सभा घेऊन हात वर करायला लावू नका. भिशी चालवणाऱ्या बाईलाच विचारा.

शिवाय आईने विचारले आहे की इन्व्हर्टरला वॉरंटी किती वर्षांची आहे.

सायंवर्ग

सर्वांचे आभार. काय झाले ते सविस्तर लिहितो.

'धोटा' यांच्या आईंनी सांगितल्याप्रमाणे मी भिशी चालवणाऱ्या बाईंना एकटे भेटलो. त्यांनी एक-दोन दिवस मागून घेतले आणि मग सांगितले की, दोघींची रक्कम परत करायची आहे. एकीच्या मुलीचे बारावीनंतरच्या प्रवेशाचे पैसे भरायचे आहेत. दुसरीची मुले अभ्यासिकेत नाहीतच. पण तिने परत घ्यायला नकार दिला, कारण तिच्या भाचीचे नाव पुढच्या वर्षी घालायचे आहे. म्हणजे परत एकीचीच झाली. ती कोण, हे मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तेवढी तूट आमच्या गटाने घातली. आमची नोंदणी नाही, त्यामुळे अनघाताईंच्या सल्ल्याप्रमाणे खरेदी बायकांनीच करायची, बिल भिशी चालवणाऱ्या बाईंच्या नावावर, आणि अभ्यासिका बंद पडली तर वस्तू त्यांची, असे लिहून सह्या झाल्या. दोघींनी तेलुगूत सही केली.

खरी गोष्ट सह्यांनंतर झाली. कागदाची घडी होत असतानाच एका बाईंनी विचारले की, आता आम्ही वेळेबद्दल बोललो तर चालेल का. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या दिवशी संध्याकाळी पाणी येते त्या दिवशी मुली अभ्यासिकेत येत नाहीत. आम्ही इतके दिवस ते मुलींच्या अनियमितपणाच्या खात्यात लिहीत होतो. 'पालकांना मुलींच्या शिक्षणाचे गांभीर्य नाही' असे वाक्यही आमच्या एका टिपणात आहे. बायकांचे म्हणणे एवढेच की, पाण्याच्या दिवशी वर्ग दीड तास उशिरा घ्या आणि सुटल्यावर मुलींना गल्लीच्या तोंडापर्यंत कोणीतरी सोडा. मग दुसरी बोलली: विज्ञानाचे सर फार भराभर शिकवतात, पोरगी घरी येऊन रडते. तिसरी म्हणाली की, मुले घरी विड्यांची तोंडे मोडायला बसतात ती वेळ रात्रीची आहे, तेव्हा गृहपाठ सकाळी जमेल असा द्या. याआधी आम्ही पालकांच्या बैठका घेतल्या होत्या आणि त्यांत 'काही अडचण आहे का?' असे विचारलेही होते. दरवेळी उत्तर एकच मिळे: "काय बी न्हाई सर, तुमची लई मेहरबानी."

विज्ञानाचे सर म्हणजे मीच. बैठकीत सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

खडूस_आजोबा

हे मात्र मला आवडले. 'लई मेहरबानी' बंद झाली, हे इन्व्हर्टरपेक्षा स्वस्तात मिळाले. आता पुढचा प्रश्न: या सगळ्यात बाप कोठे आहेत?

सायंवर्ग

बैठकीला तीनच आले, बाकीचे यंत्रमागावर रात्रपाळीला होते. त्यांतल्या एकाने वायरिंग आणि भिंतीत ठोकायचे स्टँड फुकट करून द्यायचे कबूल केले आहे. मी त्यांना मजुरी घ्या असे म्हणणार होतो, पण हा धागा आठवून गप्प बसलो.

दख्खनी

गप्प बसलात ते ठीक, पण चहा तरी त्यांच्याकडचा घेतलात का?

स्वाती_माढा

पाण्याच्या दिवशी उशिरा वर्ग घेण्याचे फार पटले. मुलींना सोडायला गटातल्या पुरुषांऐवजी दोन-दोन आयांनी पाळीपाळीने जावे, असे सुचवते. त्यासाठीही त्यांना आधी विचारा.

बाळीवेसकर

ट्युब्युलर बॅटरी घ्या, महाग वाटली तरी टिकते. पाण्याची पातळी दर दोन महिन्यांनी पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचे घालू नका, म्हणजे नळाला पाणी असेल त्या दिवशीही घालू नका. बॅटरीची वॉरंटी किती ते दुकानदाराकडून बिलावर लिहून आणि शिक्का मारून घ्या, तोंडी ऐकून निघू नका. 'धोटा', आईंना एवढे कळवा.